दाढ दुखते तेव्हा

(दातदुखी लहान-मोठा, गरीब-श्रीमंत असा भेद करत नाही. दात का दुखतो, दंतवैद्याची भेट होईपर्यंत काय करावे, काय टाळावे आणि कोणत्या वेळी मुळीच थांबू नये, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, अशी एक रात्र डोळ्यांसमोर आणा. तुम्ही नालासोपाऱ्याच्या एखाद्या चाळीत राहता. रात्रीचे दोन वाजले आहेत. शेवटची लोकल विरारला जाऊन थांबली आहे. घरातली सगळी माणसे गाढ झोपेत आहेत. जागे आहात ते फक्त तुम्ही आणि तुमची दाढ! उशीवर डोके टेकले की ठणका वाढतो. उठून बसलात की थोडा कमी होतो. कान दुखतो आहे, डोके दुखते आहे की दात दुखतो आहे, हेही नीट कळत नाही. तुमच्या हालचालीने अम्मीला जाग येते. ती जवळ येऊन विचारते, "काय झालं बेटा? झोप येत नाही का?" दंतवैद्याने परवा सकाळची वेळ दिली आहे. मधला दीड दिवस कसा काढायचा?

हा प्रश्न साधा वाटतो, पण तो अनेकांना पडतो. डॉक्टरची वेळ लगेच मिळतेच असे नाही. खाजगी दवाखान्याचा खर्च सर्वांना परवडत नाही. मग वसई-विरारचे लोक मुंबईची वाट धरतात. मुंबई सेंट्रल येथे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. ते १९३३ साली सुरू झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकाजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. तेथे कमी खर्चात उपचार होतात. मात्र सकाळी लवकर निघावे लागते, लोकलच्या गर्दीत उभे राहावे लागते आणि केसपेपरच्या रांगेतही थांबावे लागते.

कधी कधी तर वाटच बंद होते. जुलै २०१८ मध्ये मुसळधार पाऊस झाला. नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचले आणि लोकल गाड्या ठप्प झाल्या. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली. सर्वसामान्य प्रवाशांसाठी लोकल बंद झाली, आणि पुढे कित्येक महिने ती सर्वांना खुली नव्हती. दातांच्या दवाखान्यांतही त्या दिवसांत केवळ तातडीचीच कामे होत होती. ज्यांची दाढ त्या काळात दुखली, त्यांना वाट पाहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. म्हणून वाट कशी पाहावी, हेसुद्धा शिकून घेतले पाहिजे.

आधी दात दुखतो का, ते समजून घेऊ. आपल्या दाताचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरचा पांढरा थर म्हणजे दंतवल्क. त्याला इनॅमल असेही म्हणतात. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ आहे, हाडापेक्षाही कठीण! त्याच्या आत थोडा मऊ, पिवळसर थर असतो. त्याला डेंटीन म्हणतात. आणि अगदी मध्यभागी एक छोटीशी पोकळी असते. तिच्यात दाताचा गाभा असतो. या गाभ्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. दात जिवंत असतो तो या गाभ्यामुळे.

आपण चहा-बिस्किट, गोळ्या, चॉकलेट खातो. त्यातली साखर दातांच्या फटीत अडकते. तोंडातले सूक्ष्म जंतू त्या साखरेवर जगतात आणि आम्ल तयार करतात. हे आम्ल दंतवल्काला हळूहळू पोखरते. दंतवल्कात मज्जातंतू नसतात. त्यामुळे खड्डा पडू लागला तरी आपल्याला काहीच दुखत नाही. पुढे खड्डा डेंटीनपर्यंत पोचतो. तेव्हा थंड पाणी प्यायले किंवा गोड खाल्ले की कळ येते. तरीही आपण दुर्लक्ष करतो. शेवटी जंतू गाभ्यापर्यंत जातात आणि गाभ्याला सूज येते.

पायाला काटा लागला तर पाय सुजतो. सुजायला तिथे जागा असते. पण दाताच्या गाभ्याभोवती सगळीकडून कठीण भिंत असते. सूज येते, पण पसरायला जागाच नसते. आतल्या आत दाब वाढतो आणि मज्जातंतू दाबले जातात. म्हणून दाढ इतकी जीवघेणी ठणकते. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब थोडा वाढतो. शिवाय रात्री मन रमवायला दुसरे काही नसते. म्हणून दाढदुखी रात्री जास्त जाणवते.

येथे एक गंमत पाहा. मराठीत आपण म्हणतो, "दाताला कीड लागली." उर्दूतही "दाँत में कीड़ा लग गया" असे म्हणतात. पण दातात किडा नसतोच! दात पोखरणारा किडा असतो अशी समजूत जगात हजारो वर्षे होती. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि ही समजूत नाकारली. भाषेत मात्र किडा अजून टिकून आहे. म्हणून कोणी दातातून किडा काढून दाखवत असेल, तर ती हातचलाखी आहे हे ओळखा. अशा माणसाकडून दात उपटून घेऊ नका. 'नीम हकीम खतरा-ए-जान' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कुर्तुबा या शहरात अबुल कासिम जहरावी नावाचे थोर शल्यवैद्य होऊन गेले. आपल्या 'किताब अल्-तसरीफ' या ग्रंथात त्यांनी दातांवरच्या हत्यारांची चित्रे दिली आहेत. त्यांनी एक मोलाचा इशाराही दिला आहे. वेदनेमुळे रोगी फसतो आणि चांगल्या दाताकडेच बोट दाखवतो. म्हणून दुखरा दात कोणता, याची पक्की खात्री केल्याशिवाय दात काढू नये. हा इशारा आजही तितकाच खरा आहे.

आता आपण त्या रात्रीकडे परत जाऊ. अम्मी जागी झाली आहे. काय करता येईल?

प्रथम एक पेला कोमट पाणी घ्या. त्यात अर्धा लहान चमचा मीठ विरघळवा. त्या पाण्याने हळूहळू चूळ भरा आणि थुंकून टाका. पाणी गिळू नका. दातांत अन्नाचा कण अडकला असेल तर तो निघून जातो आणि हिरडीला आराम पडतो. कण निघाला नाही तर मऊ ब्रशने किंवा दात साफ करण्याच्या दोऱ्याने अलगद काढा. सुई, टाचणी किंवा आगपेटीची काडी दातात घालू नका.

दुसरा उपाय थंड शेकाचा. बर्फाचा तुकडा स्वच्छ फडक्यात गुंडाळा आणि गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटे धरा. घरी बर्फ नसेल तर थंड पाण्यात भिजवून पिळलेले फडके चालेल. बर्फ दातावर ठेवू नका, त्याने कळ येईल. गालाला गरम शेकही देऊ नका. उष्णतेमुळे सूज वाढू शकते.

तिसरा उपाय अगदी सोपा आहे. डोक्याखाली दोन उशा घ्या किंवा भिंतीला टेकून बसा. डोके उंच राहिले की ठणका कमी होतो.

चौथा उपाय आपल्या दादी-नानींना ठाऊक असलेला. तो म्हणजे लवंग. लवंगेत युजेनॉल नावाचे तेल असते. ते मज्जातंतूंना थोडा वेळ बधिर करते. दातांच्या दवाखान्यात शिरताच जो विशिष्ट वास येतो, तो पुष्कळदा याच युजेनॉलचा असतो. झिंक ऑक्साइडची पूड आणि युजेनॉल यांच्या मिश्रणाने दंतवैद्य दातातला खड्डा तात्पुरता भरतात. म्हणजे दादीचे औषध दवाखान्यातही आहे! कापसाच्या लहान बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा एक थेंब घ्या आणि बोळा दुखऱ्या दातावर थोडा वेळ धरा. तेल नसेल तर एक लवंग त्या दातापाशी धरून ठेवा. मात्र अधिक तेल लावले तर हिरडी भाजते, आणि तेल गिळणे घातक असते. म्हणून बाटली लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

पाचवा उपाय म्हणजे वेदनाशामक गोळी. ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरातल्या मोठ्या माणसाने डॉक्टरला किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून द्यावी. साधारणपणे पॅरासिटामॉल दिले जाते. त्याचे प्रमाण वयावर आणि वजनावर ठरते. दोन मात्रांमध्ये सांगितलेले अंतर ठेवावे आणि दुखते म्हणून मात्रा दुप्पट करू नये. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एकच औषध वेगवेगळ्या नावांनी विकले जाते. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल असते आणि सर्दीच्या गोळीतही पुष्कळदा तेच असते. दोन्ही घेतल्या तर दुप्पट औषध पोटात जाते आणि यकृताला इजा होते. म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षर वाचा. सोळा वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात आपल्या भागात डेंग्यूची साथ येते. अंगात ताप असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

खाण्यापिण्यातही थोडी काळजी घ्या. खिचडी, दहीभात, केळे असे मऊ पदार्थ दुसऱ्या बाजूने चावून खा. फार गरम, फार थंड आणि गोड पदार्थ टाळा. ब्रश करणे सोडू नका. रमजानचे दिवस असतील तर दुखणे अंगावर काढू नका. आजारी माणसाला रोजा पुढे कधीतरी पूर्ण करण्याची मुभा आहे, हे तुम्हांला माहीत आहे. डॉक्टरांना आणि घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.

आता काय करू नये, तेही पाहू. काही जण गोळी हिरडीवर चुरून ठेवतात. अ‍ॅस्पिरिन अशी ठेवली तर हिरडी भाजून पांढरी पडते. काही जण तंबाखू किंवा मिश्री लावतात. थोडा वेळ बरे वाटते, पण त्या थोड्या वेळातून व्यसन लागते आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण मिळते. काही जण शेजाऱ्याच्या घरी उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतात. प्रतिजैविक जंतूंवर काम करते, दातातला खड्डा ते भरत नाही. शिवाय अर्धवट घेतलेल्या औषधाला जंतू सरावतात. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पुरस्काराच्या भाषणातच हा धोका सांगितला होता.

मित्रांनो, आतापर्यंत आपण वाट कशी पाहावी ते वाचले. पण काही वेळा वाट पाहणे हाच धोका असतो. गालावर सूज आली आणि ती डोळ्याकडे किंवा मानेकडे पसरू लागली, ताप येऊन थंडी वाजू लागली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर परवाची वेळ विसरून जा. दातातला संसर्ग आता शरीरात पसरत आहे, असा याचा अर्थ आहे. अशा वेळी दंतवैद्याच्या दवाखान्यातही नव्हे, तर सरळ मोठ्या रुग्णालयात जावे, मग रात्र असो वा दिवस. वाहन मिळत नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. उपचार वेळेवर न झाल्यास हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. तसेच खेळताना कायमचा दात मुळासकट पडला, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. दात दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचा. तो दात पुन्हा बसू शकतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही उठलात आणि दाढ दुखायची एकदम थांबली आहे! तुम्हांला आनंद होतो. अब्बा म्हणतात, "बरं झालं, आता जायला नको. पैसे वाचले." येथेच मोठी चूक होते. ठणका अचानक थांबला तर पुष्कळदा त्याचा अर्थ असा असतो की, दाताचा गाभा मेला आहे. मेलेला मज्जातंतू दुखत नाही. पण जंतू मेलेले नसतात. ते मुळाच्या टोकातून खाली उतरतात, हाडात पू करतात आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उसळी घेतात.

वेदना ही घराच्या पहारेकऱ्यासारखी असते. चोर शिरला की पहारेकरी ओरडतो. लवंग, बर्फ आणि गोळी हे पहारेकऱ्याला थोडा वेळ शांत करतात. चोराला पकडण्याचे काम दंतवैद्यच करतो. पहारेकरी गप्प झाला म्हणजे चोर पळाला, असे समजू नका. म्हणून दुखणे थांबले तरी ठरलेल्या वेळी दवाखान्यात जायचेच.

जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा. दुखणे कधी सुरू झाले? थंडाने वाढते की गरमाने? कोणते औषध, किती वाजता घेतले? कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का? मुंबईला जायचे असेल तर जुने कागद आणि एक्स-रे बरोबर घ्या. त्याआधी आपल्या जवळच्या सरकारी किंवा महानगरपालिकेच्या रुग्णालयात दातांचा विभाग आहे का, हेही विचारून घ्या. लांबचा प्रवास वाचू शकेल.

पुष्कळ मुले दवाखान्यात जायला घाबरतात. पण भीतीचे दिवस केव्हाच मागे पडले. १८४६ साली अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्याला ईथर हुंगवून बेशुद्ध केले आणि त्याची शस्त्रक्रिया सर्वांसमक्ष वेदनेशिवाय पार पडली. म्हणजे वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग जगाला दाखवण्यात एका दंतवैद्याचा मोठा वाटा आहे. आज दाढेसाठी बेशुद्ध करण्याचीही गरज सहसा पडत नाही. हिरडीत एक लहानसे इंजेक्शन देतात आणि तेवढाच भाग बधिर होतो. मग खड्डा लहान असेल तर तो भरतात. गाभा खराब झाला असेल तर तो काढून मुळाची नळी स्वच्छ करून भरतात. त्याला रूट कॅनाल म्हणतात. दात वाचवता येत नसेल तरच तो काढतात.

आपल्या देशात दंतवैद्यकाचा पाया घालणाऱ्यांमध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांचे नाव आदराने घेतले जाते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून त्यांनी १९१५ साली पदवी घेतली. मायदेशी परतून १९२० साली त्यांनी कोलकाता येथे दंत महाविद्यालय सुरू केले. भारतातले हे पहिले दंत महाविद्यालय. ते चालवण्यासाठी त्यांनी 'न्यू यॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीमचे दुकान काढले होते! दात बिघडवणाऱ्या गोड पदार्थांच्या कमाईतून दात वाचवणारे डॉक्टर तयार झाले. भारत सरकारने १९६४ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस. आपल्याकडे तो राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळतात.

मित्रांनो, दाढदुखीची रात्र फार मोठी वाटते. पण तिची सुरुवात त्या रात्री होत नाही. थंड पाण्याने पहिली कळ आली होती, त्या दिवशी ती झालेली असते. तेव्हाच दवाखान्यात गेलो असतो तर लहानसा खड्डा थोड्या वेळात आणि थोड्या पैशांत भरला असता. म्हणून रोज सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेल्या पेस्टने दात घासा. मिस्वाक करत असाल तर तीही चालू ठेवा. गोड खाल्ल्यावर चूळ भरा. आणि पहिली कळ आली की अम्मीला त्याच दिवशी सांगा. मध्यरात्री तिला जागे करण्याची वेळ येणार नाही.

शब्दार्थ
ठणका – जोराची, थांबून थांबून येणारी वेदना
कळ – अचानक उठणारी तीव्र वेदना
पोखरणे – आतून कुरतडून पोकळ करणे
बधिर – ज्याला स्पर्श किंवा वेदना जाणवत नाही असा
हातचलाखी – हाताच्या चपळाईने केलेली फसवणूक
प्रतिजैविक – जंतूंचा नाश करणारे औषध
यकृत – जिगर
मुभा – सवलत, परवानगी
जिवावर बेतणे – प्राण जाण्याची वेळ येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ कोणता?
(आ) लवंगेत कोणते तेल असते?
(इ) भारतातील पहिले दंत महाविद्यालय कोणी सुरू केले?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दाढदुखी रात्री जास्त का जाणवते?
(आ) अबुल कासिम जहरावी यांनी कोणता इशारा दिला?
(इ) कोणती लक्षणे दिसताच रुग्णालयात धाव घ्यावी?

प्र. ३. कारणे लिहा.
(अ) दंतवल्काला खड्डा पडला तरी सुरुवातीला दुखत नाही.
(आ) दुखणे थांबले तरी दंतवैद्याकडे गेले पाहिजे.

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचे अर्थ शोधा व वाक्यांत उपयोग करा.
दातओठ खाणे, दातखिळी बसणे, दात काढणे, दात विचकणे

प्र. ५. वेदनेला पहारेकऱ्याची उपमा का दिली आहे, ते आपल्या शब्दांत पाच-सहा ओळींत लिहा.

उपक्रम : आपल्या घराजवळ दातांचा सरकारी किंवा महानगरपालिकेचा दवाखाना कोठे आहे, तो कोणत्या दिवशी व किती वाजता उघडतो, याची माहिती मिळवा आणि वर्गातील फलकावर लावा.